आपण जायचं

गुरुवारी जेवताना आप्पा दोनच शब्द बोलले आणि रविवार दुपारपर्यंत घरात त्या दोन शब्दांचे चार अर्थ नांदायला लागले. त्यातले दोन तर एकमेकांशी बोलतही नव्हते.

शब्द होते, "आपण जायचं."

दुसऱ्या कुणाच्या बापाने हे म्हटलं असतं तर कुणी हातातला घाससुद्धा थांबवला नसता. पण आप्पांची गोष्ट वेगळी. आयुष्यभर त्यांनी लिलाव पुकारले. त्यांच्या आवाजाबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं पचायला जड आहे. हॉलमध्ये त्यांनी बोली पुकारली की दोन गल्ल्या पलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच ठेवून हात वर करायचा. एकदा त्यांनी एकाच दुपारी एकाच माणसाला बिनपायांचा पियानो आणि त्या पियानोचे पाय असे वेगवेगळे विकले. तो माणूस दुसऱ्या दिवशी आभार मानायला आला आणि जाताना स्वतःचीच छत्री विकत घेऊन गेला. असा माणूस मागच्या थंडीत एका सकाळी दाढी करता करता थांबला, आरशातल्या स्वतःला काहीतरी सांगायला गेला, आणि शब्द आलेच नाहीत. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. पुढे हात परत आला, पाय परत आला, भूक तर दुप्पट होऊन आली. भाषा मात्र घाईत घर सोडणाऱ्या भाडेकरूसारखी चार चिरगुटं मागे टाकून गेली: आकडे, शिव्या, 'नको', आणि 'एक वार, दोन वार, तीन वार'. स्वतःच्या मनातलं म्हणावं असं एक वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेलं नव्हतं.

निघालं ते गुरुवारी, आणि तेही मुकीकडे बघून.

मुकी म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. चार वर्षांची होईतो ती एक अक्षर बोलली नव्हती, म्हणून हे नाव पडलं. मग एके दिवशी तिने तोंड उघडलं ते थेट आत्याचं व्याकरण सुधारायला, असं आत्याच सांगते, आणि तो राग आत्याने अजून सोडलेला नाही. नाव चिकटलं ते चिकटलं. आता केसांत पांढरं दिसायला लागलं तरी ती मुकीच, आणि पोटापाण्याचा धंदा काय, तर ज्यांची वाचा गेली त्यांना बोलतं करणं. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीला लागून, तिची खोली. भिंतीपलीकडे चादरी गरगरत असतात आणि अलीकडे मुकी लोकांसमोर चमच्याचं चित्र धरून बसलेली असते. कुणी त्याला 'किल्ली' म्हणतं, कुणी 'ते आपलं हे' म्हणतं, कुणी नुसतंच रडतं. एका निवृत्त न्यायाधीशांनी चमच्याला सगळा उन्हाळा 'महाशय' म्हणून हाक मारली. संध्याकाळी घरी आल्यावर मुकी चमचा मागत नाही. नुसतं बोट दाखवते.

याच तळघरात तिला तिचा प्रश्न सापडला होता. एक बस-कंडक्टर यायचे, बायकोला घेऊन. बोलणं बरंच सुधारलं होतं. एकदा ते बायकोलाच सांगायला लागले, "पुढच्या महिन्यात आम्ही समुद्रावर जाणार." बायको म्हणाली, "आम्ही म्हणजे कोण? आणि मी?" कंडक्टर गोंधळले. "तू पण. आम्ही. तू आणि मी आम्ही." बायको रुसली, मुकी मात्र खुर्चीत ताठ बसली. समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण', समोरच्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही'. एवढाच एक टाका त्या माणसाच्या भाषेतून उसवला होता, बाकी शिवण शाबूत. तिने पुस्तकं चाळली. ती जाडजूड पुस्तकं ज्यांनी लिहिली त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडायचं कारणच नव्हतं. आपल्यात कोण आहे आणि कोण नाही, हे मेंदू कुठे ठरवतो? मुकीने दूरच्या एका प्रयोगशाळेला तसं लिहून पाठवलं, स्वतः चित्रं काढून पेशंटना विचारत राहिली, आणि पाठवलेलं पत्र मात्र चमच्यांच्या रगाड्यात विसरूनही गेली. गुरुवारी तिथल्या प्रोफेसर बाईंचा फोन आला. जागा आहे, तीन वर्षं, राहायला एक खोली. रविवारी संध्याकाळी परत फोन करीन, हो की नाही ते सांगा.

रात्री जेवताना तिने हे घरात सांगितलं. दादा "अरे वा" म्हणाला आणि पाणी प्यायला. वहिनीने वाढणं थांबवलं. आणि आप्पांनी मान वर करून, मुकीकडे बघून, स्वच्छ म्हटलं, "आपण जायचं."

त्यानंतर रविवारपर्यंत पुन्हा एक शब्द नाही.

*

रविवारी दुपारी आत्याला बोलावून घेतलं होतं. आत्या आप्पांची थोरली बहीण. एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने नको तेवढं येतं. ती सोफ्याच्या मधोमध बसली, त्यामुळे सोफ्यावर आणखी कुणाला बसता येईना. आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत, दाढी केलेले, स्वेटरच्या शेवटच्या बटणाशी झटापट करत. वहिनी पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुकी दाराला टेकून उभी. तिला बसायचं होतं, पण बसलं की झोप येईल अशी भीती वाटत होती.

"यात अवघड काय आहे?" दादाने सुरुवात केली. दादा गाडी चालवायला शिकवतो. वर्षानुवर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला एक सवय जडली आहे: काही अंगावर येतंय असं वाटलं की पाय आपोआप जमीन दाबतो. "आपण जायचं. आपण म्हणजे ती आणि ते. त्यांना हिच्याबरोबर जायचंय. सरळ आहे."

"एका खोलीत?" मुकी म्हणाली.

"मोठी मागून घे. तू एवढी तज्ज्ञ, देतील."

"आणि मी प्रयोगशाळेत असताना त्यांच्याजवळ कोण?"

"आता ते तिकडचं तिकडे बघता येईल."

"तिकडचं तिकडे," वहिनी एका टॉवेलला म्हणाली.

"काही आपण-बिपण नाही," आत्या मध्ये पडली. "त्याने हिला अहो-जाहो केलं. हॉलमध्ये एखादा फुकट्या नुसता खुर्ची उबवत बसला की हा असंच म्हणायचा. दाराकडे हात करून, 'आपण जायचं!' ऐकलंय मी. हा कान चालू होता तेव्हा."

"म्हणजे मला हाकललं?"

"हाकललं कशाला म्हणतेस? मानाने हाकललं."

दादाला हसू आलं. मुकीलाही आलं, पण तिचं अर्ध्यात दमलं.

"मला नाही तसं वाटत," वहिनी म्हणाली. तिने घडी मोडून परत घातली. "ते स्वतःबद्दल बोलत होते. म्हणतात ना या वयात माणसं, झालं आता, आपण जायचं. निघायची भाषा."

दादाचा पाय जमिनीवर दाबला गेला. सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी बटण लावलं, चुकीच्या काजात, आणि समाधानाने पुढे पाहिलं.

"अभद्र बोलायचं कशाला?" दादा म्हणाला.

"तुम्ही गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाही ते याचमुळे ना? मी तेव्हाच हे म्हटलं होतं म्हणून?"

"मी बोलतोय की."

"मीठ मागितलंत. त्याला बोलणं म्हणत नाहीत."

चौथा अर्थ मुकीचा होता. तिने तो अजून कुणाला सांगितला नव्हता, कारण चारांत तोच सगळ्यात कोरडा होता. रोज संध्याकाळी हॉल बंद करताना आप्पा दिवे मालवत म्हणायचे, "चला, आपण जायचं." मुकी लहानपणी तिथे पायरीवर बसून असायची. तर कदाचित गुरुवारी ते काहीच म्हणाले नव्हते. आकड्यांसारखंच हेही एक गाठोडं, जीभ घसरताना आपोआप सुटलेलं. रोज असली गाठोडी ती तळघरात उचलत असते आणि नातेवाइकांना सांगत असते, जपून, फार अर्थ लावू नका. त्यांचे चेहरे कसे पडतात ते तिला माहीत होतं. आपला कसा पडतो ते बघायची इच्छा नव्हती.

"एका वाक्यावरून काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मग दुसरं काढ की त्यांच्याकडून. धंदा काय तुझा?" दादा पुढे सरकला. "तुझी ती चित्रं आण. तपास."

"घरच्या माणसाला तपासत नाहीत, दादा. डॉक्टर आपल्या माणसावर चाकू चालवत नाही."

"चाकू कुठला? कागद दाखवायचाय."

"आणि त्या प्रोफेसर बाई म्हणाल्याच आहेत..." मुकीने जीभ चावली. थकलेल्या माणसाच्या तोंडून असंच नको ते घरंगळतं.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. घरातच केस आहे तुमच्या, म्हणाल्या. वडिलांपासून सुरुवात करा."

"वा!" दादा उभाच राहिला. "म्हणजे आप्पा तुझे उंदीर!"

"उंदीर?" आत्याने दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. "कुठाय? एवढ्या वरच्या मजल्यावर?"

"उंदीर नाही, आत्या. आप्पा."

"आप्पाला उंदीर चावला?"

"मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय," मुकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, चढवायलाही जोर लागतो. "ते माझ्या अभ्यासात नाहीत. नसणार आहेत."

"मग अभ्यास सोड आणि मुलगी म्हणून विचार," दादा म्हणाला. "विचार त्यांना, आप्पा, माझ्याबरोबर यायचंय की मी एकटीने जाऊ? संध्याकाळी फोन येणार आहे. मला माझ्या बाजूने कळायला नको?"

तुझी बाजू कुठली, असं वहिनीच्या ओठांवर आलेलं मुकीला दिसलं. सकाळचं अंघोळपाणी वहिनीकडे. त्यापायी तिने चष्म्याच्या दुकानातली नोकरी अर्ध्या दिवसावर आणली होती. संध्याकाळ आणि रात्र मुकीकडे. दादाकडे मतं. पण वहिनी गिळून बसली, आणि मुकी चित्रं आणायला गेली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

*

चित्रं तिनेच काढलेली, त्यामुळे माणसं बटाट्यासारखी. एका चित्रात तांबड्या टोपीचा माणूस, त्याच्याबरोबर दोघं, हातात बॅगा, आणि दारात उभी एक बाई. दुसऱ्यात सगळं तेच, फक्त बाईच्या हातातही बॅग. अशाच आणखी दोन-तीन जोड्या.

मुकी आप्पांसमोर स्टूल घेऊन बसली. गुडघ्याला गुडघा लागेल एवढं जवळ. "आप्पा, हा टोपीवाला या बाईला सांगतोय. ती घरीच राहणारे. तर तो काय म्हणेल? 'आपण निघालो', की 'आम्ही निघालो'?"

आप्पांनी चित्र घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पालथं करून बघितलं. मग त्यांची पाठ ताठ झाली, हनुवटी उचलली गेली, चित्र डोक्यावर गेलं, आणि मागच्या थंडीपासून कुणी न ऐकलेला तो आवाज घरभर घुमला.

"एक वार!"

"अरे देवा," दादा म्हणाला.

"दोन वार!"

आता सांगायला नको, पण खरं ते खरं: दादाचा हात वर गेला. लहानपणी हॉलमध्ये बोली थंडावली की आप्पा कोपऱ्यात उभ्या केलेल्या दादाकडे बघायचे आणि दादाने हात वर करायचा, हे त्याचं कामच होतं. हात मेंदूला न विचारता गेला. आत्याने दादाकडे तुच्छतेने बघितलं आणि स्वतःची भुवई उचलली.

"तीन वार!" आप्पांनी चप्पल हाणली खुर्चीच्या हातावर. चित्र आत्याला.

"मला काय करायचंय हे?" आत्या म्हणाली आणि घट्ट धरून बसली.

दुसरं चित्र दादाला गेलं. तिसरं वहिनीने घड्या घालता घालता घेतलं, कारण दादा पुन्हा हात वर करत होता आणि तिला ते बघवेना. मुकीचा वर्षभराचा अभ्यास दहा मिनिटांत फुंकून टाकला गेला. खोलीत सगळे हसत होते. दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि वहिनीने हसण्याच्या भरात त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो काढायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

मग चित्रं संपली. आप्पांचा हात हवेत रिकामाच राहिला. विकायला आणखी काय आहे म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर मुकीवर येऊन थांबली. ओठ 'एक'साठी उघडले.

मिटले. हात खाली आला. त्यांनी चप्पल जमिनीवर ठेवली आणि पायाने चाचपत घातली.

मुकी उठली. "चहा टाकते," ती म्हणाली.

*

स्वयंपाकघरात वहिनी मागोमाग आली. दोघी थोडा वेळ आधणाकडे बघत राहिल्या. थकलेल्या बायकांना उकळतं पाणी बघत बसण्यासारखा दुसरा आराम नाही.

"मी नाही म्हणून कळवते," मुकी म्हणाली. "संपला विषय."

"का?"

"का म्हणजे काय, वहिनी? तुम्ही बघताय."

"माझ्यासाठी नाही म्हणतेस का?"

"सगळ्यांसाठीच."

"माझं नाव त्यातून काढ." वहिनीने साखरेचा डबा ओट्यावर जरा जोरात ठेवला. "तू थांबलीस की मला जन्मभर ऐकावं लागेल, हिच्यामुळे तिचं राहिलं. तू नाही म्हणणार, पण तुझे भाऊ म्हणतील. माझ्यावर उपकार नको करूस, बाई. दमल्यावर उपकार झेलवत नाहीत."

"मग जाऊ?"

"तेही नको म्हणेन मी. खरं सांगू? तू जावंस असं वाटतं आणि तू गेलीस तर मी दार लावून रडेन असंही वाटतं. दुकानात मला पूर्ण वेळ बोलावतायत. नवीन मशीन आलंय काचा घासायचं, ते मला देणार म्हणतात. यांना अजून बोलले नाही."

"का नाही बोललात?"

"ते 'बघू' म्हणतील. त्यांचं 'बघू' म्हणजे काय, हे शिकायला मला कुठल्या प्रयोगशाळेत जायला नको."

मुकीने गॅस बारीक केला. इतक्या वर्षांत या बाईला काय पाहिजे म्हणून कधी विचारलं होतं का आपण? तळघरात अनोळखी माणसाच्या एका शब्दासाठी ती अर्धा तास गप्प बसू शकत होती. इथे तेवढा वेळ कधी निघाला नव्हता.

बाहेरून आत्याचा आवाज आला, "चहा लावताय की पिकवताय?"

*

चहा झाला. खिडकीतलं ऊन पलीकडच्या इमारतीवर सरकलं. मुकीने कप खाली ठेवला आणि जेवढ्या साधेपणाने सांगता येईल तेवढ्या साधेपणाने सांगितलं की फोन आला की ती नाही म्हणणार आहे.

"हे बघ, घाई नको," दादा म्हणाला, पण त्याचा चेहरा सैल पडला होता, आणि तो सैल पडलाय हे कळून पुन्हा आवळला गेला.

"शहाणी," आत्या म्हणाली. "इथे काय कमी मुके आहेत?"

आप्पांनी कप बशीत ठेवला. ठेवला म्हणजे आदळला. मग खुर्चीचे हात धरून उठायला लागले. दादा धावला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं. उभे राहिले. मुकीसमोर येऊन थांबले.

"आपण," ते म्हणाले.

आप्पांनी मान हलवली, रागाने, चुकीची किल्ली हातात आल्यासारखी.

"नको. आपण नको." मग ओठ पुढे काढून, घामाघूम होत, "आम्ही."

त्यांचं बोट उठलं. दादावर गेलं, वहिनीवर गेलं, आत्यावर गेलं, स्वतःच्या छातीवर टेकलं. मुकीला ओलांडून गेलं.

"आम्ही इथं."

एखादं वाक्य आपोआप सुटतं, ते मुकी रोज ऐकत होती. पण जो माणूस एक शब्द हातात घेऊन टाकून देतो आणि दुसरा शोधून आणतो, त्याला दोन्हींतला फरक माहीत असतो. आपण नको. आम्ही. या बापाने तिला जन्मात कधी कशातून वगळलं नव्हतं. हॉलच्या पायरीवर, जेवणाच्या पानावर, भांडणात, कशातच नाही. आज वगळलं. एकदाच, आणि तिच्या तोंडावर. अभ्यासात याची नोंद होणार नव्हती. ज्या एका वाक्यासाठी तिने वर्ष घातलं होतं ते तिला कुठेही लिहिता येणार नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"म्हणाले, ती जाऊ दे, आम्ही राहतो," दादा म्हणाला. बोलता बोलता त्या वाक्याचं वजन त्याच्या ध्यानात आलं आणि पाय जमिनीवर दाबला गेला.

वहिनी उठली. हातातली उशीची खोळ तिने पलंगावर ठेवली.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमच्या 'आम्ही'त मी आहे, हे मला आत्ता कळलं. घेताना विचारायचं तरी."

"अगं, ते आजारी आहेत," दादा म्हणाला. "त्यांच्याशी काय..."

"तुम्ही थांबा. तुम्हीही त्यात आहात आणि तुम्हालाही आत्ताच कळलंय. तोंडावर दिसतंय. मी नाही म्हणत नाहीये. पण कपड्यांसारखं मला उचलून घडीत घालायचं, हे पुरे झालं."

तिचा आवाज शेवटी फाटला. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. आजारपणात माणसाची नजर मंद होते म्हणतात, तसं काही मुकीला दिसलं नाही. त्यांची मान हळूहळू हलली.

"आम्ही," ते म्हणाले. "नको."

आणि मग ओठ मिटून, दाबून, "म... म..."

"मोरी?" दादा पुढे झाला. "मोरीत जायचंय का?"

"मीठ मागत असेल," आत्या म्हणाली.

"थांबा," मुकी म्हणाली. तिचा हात वर झाला होता, तळघरात नातेवाइकांना गप्प करतो तसा. "शब्द पुढे करायचा नाही. त्यांचा आहे, त्यांना आणू दे."

थांबले सगळे. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजून थांबली. आप्पांच्या गळ्याची शीर ताठ झाली.

"मी," ते म्हणाले.

तो शब्द त्यांच्याकडून आजारपणानंतर कुणी ऐकला नव्हता. पाणी हवं तर ते पाण्याकडे बोट करत, दुखलं तर शिवी देत, पण हवं कुणाला आणि दुखलं कुणाला, हे कधी बोललेच नव्हते.

"मी इथं," आप्पा म्हणाले, आणि शब्द संपले म्हणून का पाय संपले म्हणून, मुकीच्या स्टुलावर बसले.

आता हे अवघड होऊन बसलं. 'आम्ही'त चारजण असतात, कुणीतरी कुणाच्या आड लपू शकतं. 'मी' म्हटल्यावर लपायला जागाच नाही. एका स्टुलावर बसलेला, उलट्यासुलट्या बटणांचा एक म्हातारा, आणि त्याने कुणाकडेच काही मागितलेलं नाही. वहिनी भिंतीकडे बघत होती. मुकीने बोलायला तोंड उघडलं आणि वहिनीनेच तिला डोळ्यांनी दटावलं. गप्प बस. तुझं झालंय.

म्हणून मग दोघी दादाकडे बघायला लागल्या. आत्याही बघायला लागली, कारण सगळे बघत होते.

दादाने पायाखालची जमीन बराच वेळ दाबून धरली. मग पाय उचलला.

"सकाळचे क्लास दुपारी घेतो मी," तो पंख्याला उद्देशून म्हणाला. "दुपारी काय लोक गाडी शिकत नाहीत? उजेड असतो चांगला."

"अंघोळ घालावी लागते," वहिनी म्हणाली.

"घालीन."

"साबण डोळ्यांत गेला की शिव्या देतात."

"मला शिकाऊ ड्रायव्हर रोज देतात."

"मी पूर्ण दिवस दुकानात जाणारे. नवीन मशीन आलंय." तिने हे एका दमात सांगून टाकलं. "आणि तुम्ही आता 'बघू' म्हणालात तर..."

"म्हटलं का मी?"

"नाही म्हणता?"

"नाही, म्हणजे 'नाही' नाही म्हणत. 'बघू' म्हणत नाहीये असं म्हणतोय."

"मग काय म्हणताय?"

"जा म्हणतोय! घरातल्या सगळ्यांनी जा!" दादा ओरडला, आणि स्वतःच दमून आत्याच्या शेजारी बसायला गेला. आत्या अर्धा वीतसुद्धा सरकली नाही, त्यामुळे तो सोफ्याच्या हातावर टेकला. "आप्पा, तुम्ही जरा... आपण जरा..." त्याने मुकीकडे चोरून बघितलं. तो शब्द आता या घरात पूर्वीसारखा सहज उच्चारता येईना. "उद्या सकाळी, काय ते."

आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. शाबासकी होती की उठायला आधार घेत होते, हे सांगणं कठीण.

फोन वाजला.

मुकी तो घेऊन बाहेरच्या बोळकांड्यात गेली, जिथे चपला आणि छत्र्या असतात. दार लोटलं, पण ते नीट लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रोफेसर बाईंचा आवाज ताजातवाना होता, रविवारी झोप काढलेल्या माणसाचा.

"हो," मुकी म्हणाली. मग ऐकत राहिली. "नाही. वडील नाहीत त्यात. नाही, विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. माझ्याकडे एक बस-कंडक्टर आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू." पुन्हा ऐकत राहिली. एका हाताने ती खुंटीवरचा कुणाचा तरी मफलर गुंडाळत होती आणि सोडत होती. मग म्हणाली, "येते."

खोलीत आत्याने चांगला कान दाराकडे केला. "कुठून येतेय ती? ही काय इथेच आहे."

या घरात उंबऱ्यात उभं राहून कुणी 'जाते' म्हटलं तर त्याला परत आत बोलावून 'येते' म्हणायला लावत. दादाने तर लहानपणी त्यापायी धपाटे खाल्ले होते, आप्पांचेही आणि आत्याचेही.

"येत नाहीये, आत्या," तो तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाला. "जातेय. मुकी जातेय."

त्याला कुणी टोकलं नाही.